येसराची यंदाची बाटली

बीरगांव, ७ जुलै २०२४

आई,

पाकीट हातात आल्यावर तुम्ही आधी ते उलटसुलट करून बघाल. तिकीट लावलंय म्हणजे कुठून तरी लांबून आलंय असं वाटेल, आणि मग माझं अक्षर ओळखाल. लांबून नाही, शहराच्या कडेवरूनच. तुमच्या तात्यापाऱ्यातून ऑटो धरली तर चहा थंड व्हायच्या आत नाही, पण स्वयंपाक उरकून परत जाता येईल एवढंच अंतर आहे. पण घरच्या फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही न बोलता ठेवून देता, आणि दारात येऊन उभं राहायचं माझं धाडस नाही. म्हणून पोस्ट. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा अनिमेष बँकेत असतात, हेही मी धरून चालले आहे.

नमस्कार राहिला. वाकून केला असं समजा.

मी बरी आहे. उरला या औद्योगिक वसाहतीतल्या एका मिलच्या ऑफिसात सळ्यांच्या किती गाड्या सुटल्या ते कॉम्प्युटरवर चढवायचं काम मिळालं आहे. खोली शांताकाकूंच्या घरात, वरच्या मजल्यावर. काकू मूळच्या गोंदियाकडच्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, आता नाहीत. बैठकीत बुद्धाची मूर्ती आहे, तिच्यापुढे रोज ताजं फूल असतं, आणि ते फूल शेजारच्या कुंपणातून तोडलेलं असतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, नवरा मारत होता का. मी नाही म्हटलं. तर म्हणाल्या, "मग काहून आली?" मी भाडं किती ते विचारलं. त्यांनी किल्ली दिली.

तुम्हीही तोच प्रश्न विचारला असता, जर विचारला असता तर. त्या दिवशी मी बॅग घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले तेव्हा तुम्ही वर्षभराच्या आमटीसाठी येसर भाजत होतात. तुम्ही वळून पाहिलं नाहीत आणि ढवळणंही थांबवलं नाहीत. हात थांबला असता तर डाळ करपली असती, हे मला कळतं. तरी मी थोडा वेळ उभी राहिले होते.

आता मुद्दा. शांताकाकूंची मुलगी दीक्षा पुण्याला नोकरी करते. तिचा जुना लॅपटॉप इथे पडून होता. तिने फोनवर सांगितलं, "दीदी, गाड़ी गिनते गिनते बूढ़ी हो जाओगी," आणि एका फुकट अभ्यासक्रमाचं नाव दिलं. इंटरनेटवरची पानं कशी बनवतात ते शिकायचं. यात शिक्षक नाही, वर्ग नाही, परीक्षेची तारीख नाही. तुमच्या गतीने शिका, म्हणतात. माझी गती म्हणजे सकाळी आंघोळ झाल्यावर ऑफिसला निघेपर्यंत, आणि रविवारी दुपारी. पहिल्याच दिवशी एक अक्षर ठळक करायला गेले तर सगळं पानच ठळक झालं. सुरू केलेली खूण बंद करायची राहिली होती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, गॅससुद्धा असाच चालू ठेवतेस.

कोर्टात घटस्फोटाचा अर्ज दिला आहे, ते अनिमेष बोलले असतील. दोघांच्या संमतीने आहे. मध्ये सहा महिने थांबावं लागतं, मग पुन्हा उभं राहून सांगायचं की मन बदललं नाही. त्यानंतर मी त्या घराची कोणी नाही असं कायदा म्हणेल. त्याला म्हणू दे. मला भीती एवढीच आहे की तुम्हीही तसंच म्हणाल. बाकी कशासाठी हे पत्र नाही.

उत्तर नाही दिलंत तरी चालेल, असं लिहिणार होते. पण चालणार नाही.

तुमची मीनल

बीरगांव, ११ ऑगस्ट २०२४

आई,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तुम्ही घेतलंत. एवढ्यावर मी महिना काढला.

आज एक गंमत सांगायची आहे. अभ्यासक्रमात आता एक प्रकार आला आहे, त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. नाव ऐकून मी घाबरले. धडा तीनदा ऐकला, इंग्रजी भराभर बोलणारा माणूस, त्याला काय घाई होती कोण जाणे. चौथ्यांदा ऐकताना मला हसू आलं. शांताकाकू खालून भाजीची टोपली घेऊन वर आल्या होत्या. म्हणाल्या, "काहून वं, त्या डब्ब्याकडं पाहून एकटीच हसून राहिली?" मी म्हटलं, काकू, हे तर माझ्या सासूबाईंचं खोकं आहे.

खरंच सांगते. प्रकार असा की तुम्ही एक पान लिहिता. आज काही बदललं, उद्या काही बदललं. प्रत्येक वेळी पान जसं आहे तसं बाजूला जपून ठेवायचं, आणि त्याला एक चिठ्ठी लावायची, काय बदललं आणि का. पुढे बिघडलं तर मागच्या कुठल्याही पानावर परत जाता येतं. मागचं काहीच हरवत नाही. एवढंच. यासाठी त्या माणसाने केवढी चित्रं काढली.

बाबांच्या होमिओपॅथीच्या पेटीत औषधाच्या जागी येसर भरून ठेवणारी बाई त्याला भेटायला हवी होती. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, ही सगळी बाबांची औषधं. डोकं दुखत होतं म्हणून एक बाटली उघडली तर आतून धणे, खोबरं आणि दगडफुलाचा वास. दर वर्षीचा चिमूटभर येसर, बुचाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तुमचं बारीक अक्षर. मला त्यातल्या बऱ्याच पाठ आहेत. "२०११. बाजरी भेटली नाही. दुबराज तांदूळ घातला. ह्यांना आवडला, मले नाही." "२०१६. मीनल आली. मिरची तिच्या हातची. लईच तिखट." "२०२०. बाजार बंद. दगडफूल नाही. तसाच." आणि नवा डबा बिघडला की तुम्ही मागच्या वर्षीची बाटली उघडायचात, चिमूट जिभेवर ठेवायचात, आणि कशात चूक झाली ते सांगायचात. पहिल्या वर्षी माझ्या हातून लवंगा जास्त पडल्या तेव्हा मी रडायला लागले होते. तुम्ही म्हणालात, "बिघडलं तर मागच्यावर जायचं वं. रडत काहून बसली?"

नवं काही करायचं तर तुम्ही आधी वाटीभर वेगळं करून बघायचात, मोठ्या डब्याला हात न लावता. जमलं तर डब्यात मिसळायचं, नाही तर एका आमटीत संपवून टाकायचं. त्यालाही यांच्यात नाव आहे, ब्रांच. त्या माणसाने ते झाडाच्या फांद्या काढून समजावलं. मी वाटी धरून समजून घेतलं आणि पुढे निघाले.

एका गोष्टीत मात्र तुम्ही मला ओरडला असतात. सुरुवातीला मी चिठ्ठीत नुसतं "बदल केला" असं लिहायचे. मग "पुन्हा बदल केला". आठवड्याने मागे वळून पाहिलं तर कशात काय आहे ते मलाच कळेना. आता काय बदललं आणि काहून, दोन्ही लिहिते.

बाटल्यांचं आठवताना एक आठवली, ती लिहायची नव्हती पण लिहिते. "२०२१. हे गेले. केला नाही." ती बाटली रिकामी आहे. रिकामी असूनही तुम्ही ती रांगेत ठेवली आहेत, चिठ्ठीसकट.

आई, यंदाची बाटली भरली आहे का? की तीही रिकामी ठेवलीत?

तुमची मीनल

बीरगांव, २२ सप्टेंबर २०२४

आई,

गणपती झाले. तुमच्याकडे आरतीला झांजा कोणी वाजवल्या? अनिमेष वाजवताना मागेपुढे होतात आणि तुम्ही डोळे मिटून सहन करता, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि काम करता करता हसले. मग बाकीचंही आठवलं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी शांताकाकूंच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देते. अनिमेष वाईट नाहीत. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. ते फक्त माझ्याशी बोलायचे थांबले. कधीपासून ते मला नेमकं सांगता येणार नाही. पाणी हवं असलं तर तुम्हाला सांगायचे आणि तुम्ही मला सांगायचात, आणि आपण तिघंही ते सहज असल्यासारखं करायचो. मी बोलले, भांडले, चिठ्ठ्या लिहिल्या. ते म्हणाले, "क्या बोलूँ, कुछ है ही नहीं बोलने को." ते खरं बोलत होते, त्यात मला राग धरता येईना. तरी मी त्या घरात आणखी दोन वर्षं राहिले. ती तुमच्यासाठी राहिले. आपण दोघी दुपारी ओट्यावर बसून डाळी निवडायचो, तेवढा वेळ मला घर होतं.

हे तुम्हाला माहीत होतं, असं मला वाटतं. माहीत नव्हतं असं तुम्ही म्हणालात तर मी मानून घेईन.

बरं, आनंदाची गोष्ट. अभ्यासक्रमात आता स्वतःचं एक पान बनवायचं होतं. सरावाचं. बाकीचे विद्यार्थी आपल्या छंदाची, कुत्र्यामांजरांची पानं बनवतात. मी येसराचं बनवलं. वर मोठ्या अक्षरात "इंदूताईंचा येसर", त्याखाली तुमची कृती, डाळ किती भाजायची, खोबरं शेवटी काहून घालायचं, दुबराजची गोष्टही. रंग मी हळदीचा दिला होता, तो डोळ्यात घुसायला लागला म्हणून मागच्यावर गेले. खाली संपर्क हवा असं धड्यात होतं, तर तात्यापाऱ्याचा पत्ता आणि फोन, सगळं खऱ्यासारखं टाकलं. आणि सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात: "कृती इंदूताईंची. लिहिणारी त्यांची सून मीनल."

ते शेवटचं वाक्य मी किती तरी वेळा वाचून पाहिलं. त्यासाठीच पान बनवलं की काय, असं वाटायला लागलं.

दीक्षाला दाखवायला पाठवलं. तिने अंगठा पाठवला. शांताकाकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, बाजरी भाजायची कृती चूक आहे, आमच्याकडं आधी धुऊन वाळवतात. मी म्हटलं, तुमचं वेगळं पान करून देईन. म्हणाल्या, "हव, आधी शिकून तर घे नीट."

तुमची मीनल

बीरगांव, २० ऑक्टोबर २०२४

आई,

तुम्हाला एव्हाना सगळं कळलं आहे. तरी माझ्या तोंडून सांगते, म्हणजे दुसऱ्याने सांगितल्याला मीठमिरची लागली असेल तर ती उतरेल.

मला वाटत होतं की सरावाचं पान म्हणजे आपल्या लॅपटॉपवरचं पान. धड्यात "प्रकाशित करा" म्हणून एक पायरी होती, मी ती इतर पायऱ्यांसारखी केली आणि पुढे गेले. ते पान सगळ्या जगाला दिसतंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दीक्षाने कौतुकाने ते पुण्याच्या तिच्या मैत्रिणींना पाठवलं, तिथून ते फिरत फिरत इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर आलं. दिवाळी तोंडावर आहे. घरचा येसर मिळतो म्हटल्यावर बायका काय सोडतात?

चौबे कॉलनीतल्या बाईंनी पहिला फोन केला, असं अनिमेषनी सांगितलं. मग शंकरनगरहून, मग भिलाईहून. विकायचं तुमच्या मनातही नाही आणि लोक अर्धा किलो, एक किलो मागतायत. अनिमेषचा मला फोन आला, इतक्या दिवसांनी पहिला. "ये क्या लगा रखा है, मीनल? आई दिन भर फोन उठा रही है. पूरे मोहल्ले को बताना है क्या कि बहू कौन थी?" थी म्हणाले. मला चुकीबद्दल बोलायचं होतं, मी त्या "थी"वर अडकून बसले.

त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्याच्या घरचा नंबर मी विचारल्याशिवाय चव्हाट्यावर मांडला होता. मी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर बसूनच मोबाइलवरून नंबर काढायला गेले, जमेना, मग धावत घरी आले आणि काढला. पत्ताही काढला. दीक्षाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "दीदी, हटाया, लेकिन हिस्ट्री में तो है."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी तुम्हाला ऑगस्टमध्ये मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, मागचं काहीच हरवत नाही. तेच माझ्या अंगाशी आलं. पानावरून नंबर गेला, पण ज्याला मागे जाऊन बघता येतं त्याला तो जुन्या पानावर तसाच दिसणार. तो कायमचा पुसायचा तर सगळा इतिहासच नव्याने लिहावा लागतो. तसं करू नका, म्हणून धड्यात लाल चौकटीत लिहिलं आहे. पण नंबर तुमचा होता. दोन रविवार घातले, एकदा सगळं पानच घालवून बसले, पुन्हा उभं केलं, आणि नंबर मुळापासून काढला. आता कुठल्याच मागच्या पानावर तो नाही. शांताकाकूंनी त्या दोन रविवारी मला जेवायला खाली बोलावलं.

बाकी पान तसंच ठेवलं आहे. तुमचं नाव, कृती, शेवटचं वाक्य. तेही काढायला हवं असेल तर काढीन. पण ते तुम्ही सांगा. अनिमेषनी सांगून नाही.

तुम्ही त्या बायकांना फोनवर काय सांगितलंत, हे मला कोणी सांगितलं नाही. "मी विकत नाही" म्हणालात की "सून घरात नाही" म्हणालात? की त्यांचाही फोन तसाच ठेवून दिलात? माझा ठेवताना तुम्ही लगेच ठेवत नाही, थोडं थांबता, हे माझ्या लक्षात आलं आहे. म्हणून अजून करते.

रागावलात तर रागवा. पण रागवायला तरी बोला.

तुमची मीनल

बीरगांव, १९ जानेवारी २०२५

आई,

गुरुवारी झालं. नाव पुकारलं, आम्ही दोघं पुढे गेलो, जे विचारलं त्याला हो म्हटलं. माझ्या पुढच्या जोडीचं भांडण अर्धा दिवस चाललं, आमचं बोलता बोलता संपलं. वकीलबाई म्हणाल्या, इतकं शांतपणे कोणी करत नाही. त्यांना मी सांगितलं नाही की आम्ही घरातही असेच होतो.

बाहेर चहाच्या टपरीवर अनिमेषनी दोन चहा सांगितले. किती तरी दिवसांनी आम्ही समोरासमोर उभे होतो. मला वाटलं आता काही तरी बोलतील, नाही तर चहा संपवून निघतील. ते बोलले, आणि जे बोलले ते तुमच्याबद्दल. म्हणाले, "नंबर हटाया ना तुमने, तो आई मुझ पे चिढ़ी. बोली, लोग पूछ रहे थे, पूछने देते." मग म्हणाले, "रोज़ मेरे फोन में वो पेज खुलवाती है. ऊपर से नीचे तक पढ़ती है. फिर फोन वापस दे देती है."

मी चहा खाली ठेवला. मला तिथे रडायचं नव्हतं, पण रडले. टपरीवाल्याला वाटलं असेल कोर्टाचं रडतेय. अनिमेषनी रुमाल काढला, तुम्ही इस्त्री केलेला. मी घेतला नाही, त्यांनी परत खिशात ठेवला, आणि आम्ही वेगवेगळ्या ऑटोत बसलो.

म्हणजे तुम्ही वाचताय. रोज वाचताय. एक शब्द मात्र कळवला नाहीत. आई, तुमच्यासारखी हट्टी बाई मी पाहिली नाही, आणि मला माझी स्वतःची आईही चांगली आठवते.

आता हे लिहिणं भाग आहे. उद्या अनिमेषचा फोन मागून पान उघडाल तेव्हा शेवटचं वाक्य वेगळं दिसेल. तिथे आता "लिहिणारी मीनल" एवढंच आहे. "त्यांची सून" मी काल काढलं. कोर्टातून आल्यापासून ते वाचवेना. खोटं लिहून ठेवल्यासारखं वाटायला लागलं. अनिमेष पुढे लग्न करतील, नवी मुलगी घरात येईल, तिने ते पान पाहिलं तर तिला काय वाटेल? तिच्या जागेवर मी माझं नाव लिहून बसू का?

बदलाची चिठ्ठी लिहिताना खूप वेळ गेला. शेवटी लिहिलं, "कोर्टाचा कागद झाला. म्हणून 'सून' काढलं." काय आणि काहून, दोन्ही आलं.

एवढं मात्र सांगते. नंबर पुसला तसा हा शब्द मी मागून पुसलेला नाही. फक्त पुढच्या पानावर घातला नाही. मागे जाऊन पाहिलं तर तो तिथे आहे, सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत. तो पुसायला माझा हात धजला नाही.

अभ्यासक्रमाचा शेवटचा धडा राहिला आहे. दीक्षा म्हणते, तिच्या ओळखीच्या एका छोट्या ऑफिसला पानं दुरुस्त करणारी बाई हवी आहे, घरी बसून काम. उरल्याच्या गाड्या आता दुसरं कोणी चढवेल. तुम्हाला आनंद झाला असता, म्हणून सांगितलं.

यापुढे पत्र लिहू का, ते मला ठरवता येत नाही. सून म्हणून लिहीत होते. आता कोण म्हणून लिहायचं?

मीनल

बीरगांव, २३ फेब्रुवारी २०२५

आई,

पार्सल काल मिळालं. साबणाची पेटी पांढऱ्या कापडात शिवलेली, आणि टाके तुमचे. उशीच्या अभ्र्याला घालता तसेच, सुटू नयेत म्हणून दुहेरी. मी कात्री मधोमध लावायला गेले. शांताकाकू समोर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आण इकडं, मी उसवते. तू सगळं फाडशील." त्यांनी एकेक टाका उसवला आणि दोरा गुंडाळून ठेवला.

आत कापूस, कापसात बाबांच्या पेटीतली बाटली. भरलेली. रंग नेहमीपेक्षा काळपट. चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली:

"२०२४. मीनल निघाली त्या दिवशीचा. ढवळत होती पण ध्यान नव्हतं. करपला. टाकला नाही."

काकूंनी बूच काढून वास घेतला आणि बाटली माझ्या हातात दिली. मी चिमूट जिभेवर ठेवली. करपलेला आहे, आई. कडू आहे. रिकामी असेल म्हणून मी सहा महिने घाबरत होते. मी दारात उभी होते तेव्हा तुमचा हात चालू होता आणि मला वाटलं होतं की तुमचं सगळं लक्ष कढईत आहे.

कापसाखाली दुसरी चिठ्ठी होती, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. ती मी वाचली. मग काकूंना मोठ्याने वाचून दाखवली, त्यांना ऐकू आलं होतं तरी पुन्हा दाखवली. तुम्हालाही लिहून पाठवते, म्हणजे मी नीट वाचली की नाही ते कळेल:

"पानावरून सून काढलं. वाचून बरं नाही वाटलं. कोर्टानं तुले विचारलं, अनिमेषले विचारलं. मले कोणी विचारलं? नवी येईल तिच्यासाठी नवी ओळ लिव. ही राहू दे. मागच्यावर जा."

काकूंनी चिठ्ठी हातात घेऊन पाहिली. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुझ्या सासूचं बरोबर आहे. बाजरी मात्र धुऊनच घ्या लागते."

मी लॅपटॉप उघडला. मागच्यावर जायला यांच्यात एक ओळ लिहावी लागते, ती मला आता न बघता येते. लिहिली. "त्यांची सून" परत आपल्या जागेवर आलं, आधी होतं तसंच. अनिमेषचा फोन मागून बघून घ्या.

एप्रिल जवळ आला. इथे मिरच्या वाळत घालता येत नाहीत, गच्चीवर मिलची काजळी पडते. त्या तुमच्याच गच्चीवर वाळवाव्या लागतील. डाळी मी घेऊन येते. बाजरी धुऊन आधी वाटीभर करून बघू, काकूंच्या समाधानासाठी. यंदाच्या बाटलीची चिठ्ठी तुम्ही लिहा.

कालच्या बदलाची माझी चिठ्ठी अशी आहे: "'सून' परत लावलं. आईंना विचारायचं राहिलं होतं."

तुमची सून,
मीनल